म्हाताऱ्या घोड्याचं काय करायचं?

मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली की आमच्या दोंडाईच्याच्या रस्त्यावर टापांचा आवाज कानी पडू लागतो. काही घोडी टेम्पोतून येतात, काही मालकाबरोबर रमतगमत पायी चालतात. शहाद्याच्या वाटेला लागून तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा. तिथं एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्या जोडीनं घोड्यांचा बाजार. अलीकडे त्याला चेतक महोत्सव असंही नाव मिळालं आहे. काठेवाडी येतात, मारवाडी येतात, पंचकल्याणी येतात, आणि त्यांच्याहून दुप्पट संख्येनं आपल्यासारखे नुसते बघे येतात.

या बाजारात उभं राहून व्यवहार पाहणं हे एक शिक्षणच आहे. गिऱ्हाईक प्रथम अंगावरचे भोवरे पाहतं, मग पाय उचलून खूर पाहतं, आणि शेवटी घोड्याचा जबडा उघडून दात पाहतं. पाचव्या वर्षापर्यंत घोड्याचे दुधाचे दात पडून सगळे पक्के आलेले असतात. त्यानंतर दातांवरचे खळगे झिजत जातात, आणि म्हातारपणी पुढचे दात तिरपे होऊन बाहेर झुकतात. मालक सांगेल सात वर्षं आणि दात सांगतील सतरा, तर गिऱ्हाईक हसून पुढं जातं. त्या सतरा वर्षांच्या घोड्याचं पुढं काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. वर्गात एका विद्यार्थ्यानं तो प्रश्न मला विचारला म्हणून आज हे भाषण.

मी इतिहास शिकवतो. पहिल्या महायुद्धातला कूतचा वेढा चालला होता. वेढ्यात उपासमार झाली, तेव्हा सैन्यानं आपलेच घोडे मारून खाल्ले, आणि आपल्या शिपायांनी ते मांस खायचं नाकारलं, एवढं सांगून मी पुढं जाणार होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला नि म्हणाला, "सर, आपण घोडा खात नाही हे खरं. पण मग आपले म्हातारे घोडे जातात कुठं?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. आज तरी पूर्ण देता येईल की नाही, शंकाच आहे. पण आधी कूतची हकीकत नीट सांगतो, कारण ती आपल्या माणसांची आहे.

कूत-अल-अमारा हे इराकातलं, टायग्रिस नदीच्या वळणावरचं गाव. १९१५ च्या अखेरीस जनरल टाउनशेंड याची सहावी पूना डिव्हिजन बगदादकडं निघालेली होती. ती टेसिफोनच्या लढाईनंतर मागं फिरली आणि कूतमध्ये येऊन थांबली. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्की फौजेचा वेढा पक्का झाला. आत जे सैन्य अडकलं त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कोकणातली, घाटावरची, साताऱ्या-कोल्हापूरकडची शेतकऱ्यांची मुलं ती. बाहेरून सोडवायला निघालेलं सैन्य पुन्हा पुन्हा अडवलं गेलं, त्यात हजारो माणसं पडली, आणि आत कोठारातलं धान्य सरत चाललं.

धान्य सरलं तसा घोड्यांचा चाराही सरला. उपाशी घोडी एकमेकांची आयाळ नि शेपट्या चावू लागली. १९१६ च्या जानेवारीअखेर ती मारायला सुरुवात झाली, आणि त्यांचं मांस शिध्यात मिळू लागलं. गोऱ्या शिपायांनी ते घेतलं. आपल्या शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, बहुतांशी नाकारलं. टाउनशेंडनं बिनतारी यंत्रावरून हिंदुस्थानात विचारणा केली आणि दोन्ही धर्मांच्या पुढाऱ्यांकडून, आपद्धर्म म्हणून खायला हरकत नाही, असा निर्वाळा मागवला. तो आला, शिपायांना वाचून दाखवला, तरीही बहुतेकांनी मांसाला हात लावला नाही. निर्वाळा देणारे दूर शहरात होते, आणि शिपायाला उद्या परतायचं होतं ते आपल्या गावात. गावचा भटजी काय म्हणेल, भाऊबंद पंगतीला बसवतील का, पोरींची लग्नं जमतील का, ही त्यांची धास्ती होती. तिला अडाणीपणा म्हणून हसणं सोपं आहे. पण ज्याला आपल्या गावाखेरीज दुसरं जग नाही, त्याच्या दृष्टीनं हा हिशेब बरोबरच होता.

त्याची किंमत मोठी पडली. ताज्या मांसात जीवनसत्त्व क थोडं तरी असतं. भाजीपाला नव्हताच. मांस न खाणाऱ्या आपल्या शिपायांत स्कर्व्ही हा रोग पसरला. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. माणसं रानातला हिरवा पाला खुडून शिजवू लागली. एप्रिलमध्ये पिठाचा रोजचा शिधा चार-पाच औंसांवर, म्हणजे दीडशे ग्रॅमच्याही खाली आला. तेव्हा कुठं महिन्याच्या मध्यापर्यंत हजारोंनी घोड्याचं मांस खायला सुरुवात केली. फार उशीर झाला होता. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली, आणि त्यातली हजारो पुढं कैदेत मेली.

मी वर्गात मुलांना विचारतो, तुम्ही काय केलं असतं? काही मुलं चटकन म्हणतात, खाल्लं असतं. काही गप्प राहतात. जी गप्प राहतात त्यांनी प्रश्न नीट ऐकला, असं मला वाटतं.

बरं, घोडा खायचा नाही हा नियम काय फक्त आपलाच? मुळीच नाही. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूंना हत्तीचं आणि घोड्याचं मांस वर्ज्य केलं आहे. त्यातलं कारण गमतीदार आहे. दुष्काळात लोक ही मांसं खात आणि भिक्षूंनाही वाढत. पण हत्ती-घोडे ही राजाची अंगं. राजाला कळलं तर तो नाराज होईल, म्हणून खाऊ नये. म्हणजे धर्माच्या जोडीला व्यवहारही आहेच. युरोपात ७३२ च्या सुमारास तिसरा ग्रेगरी या पोपनं जर्मन मुलखातल्या ख्रिस्ती लोकांना घोडा खाण्यापासून परावृत्त करायला सांगितलं, कारण तिथले जुने देवधर्म पाळणारे लोक तो खात. यहुद्यांना तो निषिद्धच. मुसलमान धर्मशास्त्रात मतभेद आहेत. काही हदीसांत परवानगी आहे, तर इमाम अबू हनीफा यांनी तो खाणं नापसंत ठरवलं. उलट कझाख लोकांच्या घरी पाहुणा आला की घोड्याच्या मांसाचं पक्वान्न होतं, आणि जपानात कुमामोतोकडं ते कच्चं खातात. आपल्याकडं खंडोबा घोड्यावर बसलेला आहे. देव्हाऱ्यातल्या टाकावर ज्याची रोज पूजा करायची, ते वाहन ताटात कसं यायचं?

फ्रान्सची गोष्ट मात्र मला विचार करायला लावते. तिथं एकोणिसाव्या शतकात घोड्याचं मांस खावं अशी चळवळ झाली. तिच्या पुढाऱ्यांत एमिल डेक्र्वा नावाचा लष्करातला पशुवैद्य होता, आणि प्राण्यांवर दया करा म्हणणारी मंडळीही तिच्या बाजूला होती! त्यांचं म्हणणं असं : पॅरिसच्या रस्त्यांवर म्हातारे घोडे मरेपर्यंत गाड्यांना जुंपले जातात, कारण गाडी ओढण्याखेरीज त्यांना काहीच मोल उरलेलं नसतं. मांसाला भाव आला, तर मालक त्यांना उपाशी मारणार नाही. चंदी घालील, वेळेवर कामातून काढील, आणि गरिबाला स्वस्त मांसही मिळेल. १८६६ साली पॅरिसमध्ये अशा दुकानांना रीतसर परवानगी मिळाली. चारच वर्षांनी प्रशियानं पॅरिसला वेढा घातला, तेव्हा तिथल्या लोकांनी हजारोंनी घोडे खाल्ले.

घोड्यावर दया म्हणून त्याला खाटकाकडं द्या, हे आपल्या कानाला विपरीत लागतं. मलाही लागलं. पण अमेरिकेत याच्या उलट प्रयोग झाला आणि त्याचा हिशेब सरकारी कागदात लिहिलेला आहे. तिथं लोक घोडा खात नाहीत, पण परदेशी पाठवण्यासाठी त्यांच्या देशात कत्तलखाने होते. प्राणिप्रेमी लोकांनी मोठा लढा दिला आणि २००७ साली शेवटचे तीन बंद पडले. दोन टेक्सासमधले होते, एक इलिनॉयमधला. घोडे वाचले का? त्यांच्याच संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयानं २०११ मध्ये अहवाल दिला. २०१० साली जवळजवळ १ लाख ३८ हजार घोडे कत्तलीसाठी कॅनडा आणि मेक्सिकोला गेले. बंदीपूर्वी जितके मारले जात, जवळपास तितकेच. फरक इतकाच की आता त्यांना अधिक लांबचा प्रवास घडू लागला, आणि सरहद्दीपलीकडं अमेरिकेचे नियम चालत नव्हते. हलक्या नि मध्यम प्रतीच्या घोड्यांचे भाव पडले, आणि टाकून दिलेल्या, हाल झालेल्या घोड्यांच्या तक्रारी वाढल्या, असंही त्यात नोंदलेलं आहे.

मग कत्तलखाने चालू ठेवायला हवे होते का? तेही इतकं सरळ नाही. शर्यतीच्या, सवारीच्या घोड्यांना आयुष्यभर औषधं दिली जातात. त्यात फिनाइलब्यूटाझोन हे वेदनाशामक नेहमीचं, आणि ते दिलेलं जनावर माणसानं खायचं नसतं. युरोपनं २०१५ पासून मेक्सिकोचं घोड्याचं मांस घेणं थांबवलं, ते या औषधांचा माग लागत नाही म्हणूनच. त्याच्या आधी २०१३ च्या जानेवारीत आयर्लंडच्या तपासनिसांना गोमांस म्हणून विकलेल्या टिकियांत घोडा सापडला आणि सगळ्या युरोपभर गवगवा झाला. लोक संतापले ते घोडा खाल्ला म्हणून, आणि त्याहून अधिक, न सांगता खाऊ घातला म्हणून. गावातल्या दूधवाल्यानं पाणी घातलं तर आपण रागावतो. तोच राग हा.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याकडं घोड्याचं मांस विकता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांत मांसासाठीच्या जनावरांची यादी आहे. तीत मेंढ्या-बकऱ्या, डुक्कर, गाय-म्हशींचा वर्ग, कोंबड्या, मासे आहेत. घोडा नाही, गाढवही नाही. तरी आंध्रात गाढवाचं मांस चोरून विकलं जातं आणि त्यासाठी परराज्यांतून गाढवं नेली जातात. ताकद येते, दमा जातो, असल्या समजुतींपायी. २०१२ च्या पशुगणनेत देशात ३ लाख २० हजारांच्या आसपास गाढवं होती, २०१९ मध्ये सव्वा लाखाच्याही आत आली. घोडे आणि तट्टं ६ लाख २५ हजारांवरून ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी! ती सगळी खाल्ली गेली असं मी म्हणत नाही. रस्ते झाले, रिक्षा आल्या, वीटभट्ट्यांवर ट्रॅक्टर आले. लोकांनी नवी शिंगरं होऊ दिली नाहीत. पण काम संपलं की जनावर संपतं, हे या आकड्यांतून दिसतं.

मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या घ्या. २०१५ च्या जूनमध्ये उच्च न्यायालयानं त्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितलं. त्या घोड्यांचे हाल ज्यांनी पाहिले असतील, ते निकालाला नावं ठेवणार नाहीत. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशीही त्या घोड्यांना चंदी लागतच होती. मालकांच्या पुनर्वसनाची चर्चा पुढं बरीच चालली. चंदीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तिच्या शेपटाला राहिला.

बैलाचं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांच्या ओठावर आलं असेल. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं गाईला संरक्षण मिळालं आणि २०१५ च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूंनाही. तो मोठा विषय आहे, त्यात आज शिरत नाही. एवढंच सांगतो की म्हातारा बैल दारात बांधून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला जो पेच पडला आहे, तो घोडेवाल्याला कायद्याशिवायच, केवळ रिवाजानं, पिढ्यान् पिढ्या पडलेला आहे.

या पेचातून आमच्याकडं वाट कशी काढतात, ते मी लहानपणी पाहिलं आहे. तेव्हा दोंडाईच्याच्या स्टेशनावर टांगे उभे असत. सुरत-भुसावळ गाडी आली की टांगेवाल्यांची धांदल उडे. आमच्या गल्लीत एका टांगेवाल्याचा तांबडा घोडा होता. आम्ही पोरं त्याला गुळाचा खडा देत असू. पुढं त्याचा मागचा पाय सुजला, तो लंगडू लागला. टांगेवाला म्हणाला, "आते तो डोकरा व्हयना. याले कोन लेई?" खरंच, कोण घेणार? एक दिवस घोडा दिसेना. विचारलं तर म्हणाला, सोडून दिला, रानात चरेल. रानात चरत नव्हता तो. गावाबाहेर सडकेच्या कडेला उभा होता, तीन पायांवर. तीन-चार दिवस लोक येता-जाता पाहत होते. कोणी पेंढी टाकली, कोणी पाणी ठेवलं, एका म्हातारीनं हात जोडले. पाचव्या दिवशी तो आडवा झाला नि त्यानंतरही दोन दिवस जिवंत होता. कावळे आले तेव्हा आम्हांला घरच्यांनी तिकडं जायची बंदी केली.

टांगेवाला दुष्ट नव्हता. त्याच्या घरात सात माणसं खाणारी होती. घोडा मारणं त्याच्या मनात येणं शक्य नव्हतं, ते पाप. सोडून देणं हे पाप आहे असं मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हां पाहणाऱ्यांनाही.

वास्तविक कायद्यानं सांगितलं आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा म्हणतो की सबळ कारणावाचून जनावर असं सोडून देणं, की ते उपासानं किंवा तहानेनं तळमळेल, हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. १९६० साली पन्नास रुपयांना काही अर्थ असेल. त्याच कायद्यात दुसरंही एक कलम आहे, आणि ते फारसं कोणाला ठाऊक नसतं : जनावर इतकं जखमी वा आजारी असेल की त्याला जगवणं हेच क्रौर्य ठरेल, तर त्याला वेदनेतून सोडवण्याची वाट कायद्यानं मोकळी ठेवली आहे. शेंबा रोग, म्हणजे ग्लँडर्स, निघाला तर सरकार घोड्याला मारायलाच लावतं, कारण तो रोग माणसालाही होतो. तेव्हा घोडा मारणं म्हटलं की ते खाण्यासाठीच, असं समजायचं कारण नाही.

माझं मत विचाराल तर सांगतो. आपल्याकडं घोड्याचं मांस विकायला परवानगी द्यावी असं मला वाटत नाही. देवाचं वाहन हे एक कारण झालं. पण ज्याला ते पटत नाही त्याच्यासाठीही कारणं आहेत : औषधांचा माग नाही, तपासणारे डॉक्टर पुरेसे नाहीत, आणि मांसाला भाव आला की म्हाताऱ्याबरोबर चोरलेला तरणा घोडाही रात्रीतून जाईल. गाढवांच्या बाबतीत आंध्रात जे झालं तेच इथं होईल. फ्रान्सच्या त्या पशुवैद्याचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण भाव आल्यावर मालक दयाळू होतो हे त्याचं गृहीत मला आमच्या बाजारात खरं ठरताना दिसत नाही. मात्र, आम्ही खात नाही म्हणून आम्ही दयाळू, असं म्हणायची माझी तयारी नाही. तो तांबडा घोडा मी विसरलेलो नाही. खाटकाच्या सुरीखाली तो एका क्षणात गेला असता. आमच्या दयेखाली त्याला सात दिवस लागले.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. 'घोडा हा उपयुक्त प्राणी आहे' हा निबंध आपण पिढ्यान् पिढ्या लिहून घेतो. मुलं लिहितात : तो गाडी ओढतो, शर्यतीत धावतो, वरातीत नाचतो. काही हुशार मुलं लिहितात की सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तापासून तयार करतात, आणि ते खरं आहे. त्याच निबंधात शेवटी एक परिच्छेद वाढवायला सांगा : घोडा उपयोगी पडेनासा झाला की काय करावं? मुलं काय लिहितात ते वाचा. माझ्या एका शिक्षक मित्रानं हा प्रयोग केला, तर एका चौथीच्या मुलानं लिहिलं, 'मग त्याला रविवार द्यावा.'

आणि यात्रा भरवणाऱ्यांनाही सांगणं आहे. बाजारात व्यवहार होतो, पावती फाटते, मोठमोठ्या किमतींचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. त्या प्रत्येक पावतीमागं थोडे पैसे बाजूला काढले, तर म्हाताऱ्या घोड्यांसाठी तापीकाठी एखादी साधी पागा उभी राहू शकेल. हौद, चारा आणि आठवड्यातून एकदा येणारा पशुवैद्य, इतकं झालं तरी पुरे. ज्या घोड्याच्या वेदना थांबणार नाहीत, त्याला मालकाच्या समक्ष शांतपणे सोडवण्याची सोयही तिथंच असावी. घोडं कुठं पेंड खातं ते मला ठाऊक आहे : पैसे देणार कोण? पण लाखांनी घोडा घेणाऱ्याला शंभर-दोनशे जड होतील असं वाटत नाही.

मागच्या खेपेला यात्रेत हिंडताना बाजाराच्या अगदी कडेला, बाभळीखाली, एक पांढरी घोडी बांधलेली दिसली. पाठीचा कणा वर आलेला, डोळ्यांवर खळ्या पडलेल्या. शेजारी साठीचा मालक तोबऱ्यात भिजवलेला भरडा कालवत होता. तिला आता चणे चावत नाहीत म्हणाला. मी सहज विचारलं, काय किंमत? तो हसला. "इकाले नही आनी, सर. यात्रा दखाडाले आनी." दर वर्षी ती इथं यायची, वरातींची सुपारी तिच्यावरच ठरायची, म्हणून या वर्षीही आणली. आम्ही थोडा वेळ बोलत बसलो. मी त्याला त्या कायद्यातलं कलम सांगितलं, इंजेक्शनबद्दलही सांगितलं, ते दुखत नाही हेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. तोबरा तिच्या तोंडाला बांधून झाल्यावर त्यानं विचारलं, जनावरांचा दवाखाना सकाळी किती वाजता उघडतो.